कडुनिंबावरचे शिक्रे: मृगापर्यंतची नोंद

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा शिक्र्याची (हा छोटा शिकारी पक्षी) मादी अंड्यांवर बसलेली होती. आता आमच्या परसातल्या कडुनिंबावर तीन पिलं आहेत.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस, कठीण गेला. पारा ४५ च्या घरात. मादी घरट्याच्या काठावर उन्हाकडे पाठ करून, पंख पसरून, चोच उघडी टाकून उभी असायची. पिलं तिच्या सावलीत. ऊन सरकलं की तीही सरकायची. शिकार नराकडे. जास्त करून सरडे, एकदा खारीचं पिलू. तो घरट्यावर यायचाच नाही. आंब्यावरून हाक द्यायचा, मादी जाऊन घेऊन यायची.

८ जूनला एक पिलू कूलरच्या स्टँडखाली सापडलं. शेजारचे काका खोकं घेऊनच आले. "सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट सेंटरला नेऊन देऊ ना बाप्पा!" (म्हणजे नागपुरातलं जखमी वन्यजीवांचं उपचार केंद्र.) पण रक्त नव्हतं, दोन्ही पंख सारखे होते, आणि जवळ गेलं की गडी मागं रेलून पंजे पुढे करत होता. म्हटलं, काका, थोडं थांबा. फाटक लावून आम्ही घरात गेलो. तासाभरानं ते पंख फडफडवत, पंजे रोवत पेरूवर चढलं. संध्याकाळी मादीनं तिथंच सरडा आणून दिला.

तेव्हाच छाती नीट बघायला मिळाली: उभे तपकिरी थेंब. मोठ्यांच्या छातीवर आडव्या, बारीक, तांबूस रेघा असतात. गळ्याच्या मधोमधची उभी रेघ मात्र पिलांनाही आहे.

आता माझी फजिती. १४ तारखेला 'टि-टुई' ही शिक्र्याची हाक ऐकून कॅमेरा घेऊन धावलो. अंगणातल्या साळुंक्या भर्रकन उडाल्या आणि त्यांनी टाकलेला किडा उचलून तारेवर बसला कोण, तर कोतवाल पक्षी! शिक्र्याची नक्कल करून तो साळुंक्यांना पळवतो हे वाचलेलं होतं, तरी फसलो. वहीत मे महिन्यात 'नर आला' असं नुसत्या आवाजावरून अकरा ठिकाणी लिहिलंय. अकराही नोंदी खोडल्या. जीवावर आलं, पण काय करता.

पिलांपैकी सगळ्यात थोराड आहे ती मादी असावी. काल तिनं झाडांना पाणी द्यायच्या पाइपावर झडप घातली. दोन्ही पंजांत घट्ट धरून बसली, इकडंतिकडं पाहिलं, एकदा चोच मारली आणि सोडून दिला.