कपाशीतला मूग सातबाऱ्यावर चढवताना

कपाशीत मूग पिकवणं अवघड नाही, तो सातबाऱ्यावर चढवणं अवघड आहे. २०२४ च्या खरिपात ठिबकवरच्या दोन एकर कपाशीत, पाच फुटी सरीत मधोमध मुगाचं एकेक तास (ओळ) टाकलं. बदनापूरचं बीएम २००३-२ वाण, बियाण्याला रायझोबियम हे नत्र धरणारं जिवाणू खत चोळून. कपाशी सुरुवातीला सावकाश वाढते, तेवढ्यात मूग साठ-पासष्ट दिवसांत उरकतो.

१ ऑगस्टला ई-पीक पाहणी, म्हणजे पेऱ्याची नोंद आपणच मोबाइलच्या ॲपवर करायची सोय, सुरू झाली. चार दिवस ॲप नुसतं फिरत राहिलं. पाचव्या दिवशी घाईत पोरानं ‘निर्भेळ पीक’ (म्हणजे एकच पीक) निवडून एकटी कपाशी भरली. निवडायचं होतं ‘मिश्र पीक’. माझ्या लक्षात आलं तिसऱ्या दिवशी, आणि दुरुस्तीची मुदत फक्त ४८ तासांची!

मग तलाठी कार्यालयाच्या खेपा. एकदा साहेब बैठकीला, एकदा सर्व्हर बंद. तिसऱ्या खेपेला म्हणाले, “काका, शेतात मूग दाखवा, मग बघू.” तोवर तोडणी होऊन झाडंही उपटली होती. घरी पोती भरलीत, ती दाखवतो म्हटलं, तर “तो मूग याच शेतातला कशावरून?” अजून आठवलं की डोकं तापतं. दोन महिने डोळ्यांत तेल घालून राखलेलं पीक, आणि कागदावर ते उगवलंच नाही. पेऱ्याची नोंद नाही म्हणून हमीभाव केंद्रानं अर्ज घेतला नाही. त्या वर्षी हमीभाव क्विंटलला ८,६८२ रुपये होता, व्यापाऱ्यानं दिले ७,१००. चार क्विंटलमागे सहा हजारांवर पाणी सोडलं.

पुढच्या वर्षी २ ऑगस्टला तांबडं फुटताच शेतात गेलो. शेंगा झाडावर असतानाच, दोन्ही पिकं दिसतील असा फोटो काढला. फोटो आपल्या गट नंबरच्या शेतातच उभं राहून काढावा लागतो, पण रेंज नसली तर घाबरू नका, नंतर अपलोड होतो. दोन्ही पिकांचं क्षेत्र वेगवेगळं भरलं आणि त्याच संध्याकाळी नोंद पुन्हा उघडून तपासली. सातबाऱ्यावर कापूस आणि मूग शेजारी शेजारी दिसले तेव्हा घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवले.

आणि हो, तणनाशकाचं राहिलंच. कपाशीत रुंद पानाच्या तणावर पायरिथायोबॅक मारतात, ते या शेतात नको. मूगही रुंद पानाचाच, तणाबरोबर तोही जातो. पेरणीनंतर लगेच, उगवणीआधी पेंडीमिथॅलिन मारा आणि पुढे डवरा (कोळपं) चालवा.