तुम्ही विचारलंत म्हणून: मी कोणाच्या बाजूची?

"होडीवाल्याची मुलगी असून जहाजवाल्यांचे रस्ते कशाला आखतेस?" देवगडात पाऊल ठेवलं की हे कोणी ना कोणी विचारतंच. बंदरावर लिलावाच्या वेळी, लग्नाच्या पंगतीत, मागच्या वर्षी तर काकांच्या बाराव्याला. आजवर 'नोकरी आहे' एवढंच म्हणून वेळ मारून नेली. आता एकदा नीट सांगते.

वारा, लाटा आणि पाण्याची ओढ यांचं गणित कॉम्प्युटरवर मांडायचं आणि जहाजानं कुठून, किती वेगानं गेल्यास तेल कमी जळेल ते काढायचं, हे माझं काम. जगातल्या हरितगृह वायूंपैकी साधारण 3 टक्के जहाजांतून येतात. 2050 च्या सुमारास ते निव्वळ शून्यावर आणायचं, असं आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं 2023 मध्ये ठरवलं. नवी इंधनं येतील तेव्हा येतील, वेग आज कमी करता येतो. तो 10 टक्क्यांनी उतरवला की इंजिनाला लागणारी ताकद जवळजवळ 27 टक्क्यांनी उतरते. धक्क्यावर जागा नाही हे माहीत असून जोरात येणारं आणि मग बाहेर नांगर टाकून दोन दिवस पडून राहणारं जहाज पाहिलं की मला खरोखर चीड येते. अरबी समुद्र तापतोय, वादळं वाढतायत, त्याचा फटका पहिला आपल्याच होड्यांना बसतो. मग हे काम 'जहाजवाल्यांचं' कसं?

आणि ते एकट्या देशानं होणारं नाही. जानेवारी-फेब्रुवारीत वारा पडलेला असताना रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वायव्येकडून लांब लाटा येतात. त्या आपल्या नव्हेत. इराणच्या आखातात 'शमाल' वारा सुटतो, त्याच्या त्या लाटा, ओमानच्या बाजूनं समुद्र ओलांडून आलेल्या. तिकडच्या नोंदी मिळाल्या नाहीत तर इकडचा अंदाज आंधळा. ओखी चक्रीवादळाच्या वेळी, 2017 च्या डिसेंबरात, केरळ आणि तमिळनाडूच्या 68 होड्या आपल्या देवगड बंदरात आसऱ्याला आल्या होत्या. 952 माणसं. तेव्हा कोणी त्यांना 'तुम्ही कुठले' म्हणून परत धाडलं नाही. समुद्राची माहितीही तशीच वाटून घ्यावी, एवढंच मी बैठकांमधून सांगत आले.

इथवर माझं बोलणं ठाम असतं. पुढचं मी सहसा सांगत नाही.

दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. पहाटे पाचला दादाचा फोन आला. "जाळं गेलं." बाबांनी रात्री जाळं सोडलं होतं, टोकाला दिवा लावलेला. दीडच्या सुमारास दक्षिणेकडून मोठं जहाज आलं. बाबांनी रेडिओवर 16 नंबरवर, संकटाच्या हाकेसाठी राखलेल्या चॅनेलवर, तीनदा हाक मारली. टॉर्च हलवला. जहाज वळलं नाही, थांबलं नाही, सरळ जाळ्यावरून गेलं. होडी वाचली, पाच माणसं वाचली.

मी सुट्टी काढून घरी गेले. पडवीत बाबा उरलेलं जाळं मांडीवर घेऊन बसले होते. दोराचं टोक मी हातात घेतलं. सुरीनं कापल्यासारखं ते साफ नव्हतं, कापसासारखं पिंजलेलं होतं आणि त्याला काळं ग्रीस लागलेलं होतं. ते बोटांना लागलं ते साबणानं दोनदा धुऊनही गेलं नाही. अडीच लाखांचं नुकसान, भरपाई शून्य.

रात्री सगळे झोपल्यावर मी लॅपटॉप उघडला. मोठी जहाजं आपली जागा रेडिओवरून सतत कळवत असतात, त्या नोंदी काढल्या. ज्या जहाजावर माझा संशय बसला ते आम्ही रस्ता आखून दिलेल्या जहाजांपैकी नव्हतंच. मला हायसं वाटलं. बाबा भिंतीपलीकडे खोकत होते आणि मला हायसं वाटत होतं, हे मी आज पहिल्यांदा लिहितेय.

मग त्याच नकाशावर आमची रेघ टाकली. कोचीहून न्हावा शेवाला जाणाऱ्या जहाजांसाठी आम्ही त्याच महिन्यात आखलेली. ती बाबांच्या जाळ्यापासून दोन मैलांच्याही आतून जात होती. चूक नव्हती त्यात. हिवाळ्यात किनाऱ्यालगतचं पाणी उत्तरेकडे वाहतं, उत्तरेकडे निघालेल्या जहाजानं ते धरलं तर तेल वाचतं. मॉडेलनं नेमकं तेच शोधलं. आणि अहवालाच्या शेवटी मीच टाइप केलेलं वाक्य होतं: 'मासेमारीच्या जागांची माहिती उपलब्ध नसल्याने ती विचारात घेतलेली नाही.'

उपलब्ध नसल्याने! अगं, फोन लावायचा होतास ना घरी.

पण तेव्हाच्या मलाही उत्तर आहे. सकाळी चहा घेताना मी बाबांना विचारलंच, जाळी कुठं कुठं सोडता त्या जागा द्या, मी रेघ बाहेर ढकलते. बाबांनी विचारलं, "तुझ्या त्या कॉम्प्युटरात आमची जाळी दिसतत काय गो?" म्हटलं, तुम्ही जागा दिल्यात तर दिसतील. "मग ती आणखी कोणाक दिसतली?" मी गप्प बसले. नोंद एकदा वाटून घेतली की ती मोठ्या जाळ्यानं अख्खा थवा घेरणाऱ्या पर्ससीनवाल्यांना दिसेल, एलईडीच्या उजेडानं मासळी ओढायला रात्री येणाऱ्यांनाही दिसेल. बाबांनी ती जागा सख्ख्या भावालासुद्धा कधी सांगितली नव्हती.

देशादेशांना मी ज्या गोष्टीसाठी नावं ठेवते, तीच माझ्या घरातली माणसं करतात, आणि त्यांचं कारण मला पटतं. ढोबळ पट्टा दाखवावा, नेमकी जागा नको, असं मी आता सुचवलंय. ढोबळ पट्टा रुंद होतो, रेघ फार बाहेर जाते, तेल वाढतं, आणि मग सहकारी विचारतात की यात वाचवलं काय? त्यांचंही खरं आहे.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: बाजू विचाराल तर बाबांची. काम सोडशील का विचाराल तर नाही. मी उठले तर ते वाक्य दुसरं कोणी टाइप करील, आणि त्याला पिंजलेला दोर माहीत नसेल. हे मी स्वतःच्या सोयीसाठी म्हणतेय का, याचा विचार मी केलाय. असेलही.

गेल्या गणपतीत बाबांनी वहीचं एक पान फाडून माझ्या हातात दिलं. जीपीएसचे चार आकडे, समोर पाण्याची खोली वावांत, आणि खाली 'फक्त तुका' असं लिहिलेलं. ते पान माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे. या डिसेंबरच्या रेघा आखायच्या आहेत, आणि ते आकडे मी अजून भरलेले नाहीत.