कॉलेज निवडायला बसलो आणि कारखान्याचा अहवाल वाचला

बारावीचा निकाल लागला आणि दुसऱ्याच दिवशी मामांचा फोन आला. "पोरीला ९१ टक्के पडलेत. फायनान्सच करायचं म्हणती. एका खासगी विद्यापीठाचं बीबीए बघून आलोय. तू एकदा येऊन जा, मग पैसे भरतो."

मी मुंबईत एका कर्ज देणाऱ्या कंपनीत क्रेडिटचं काम बघते. दिवसभर दुसऱ्यांचे ताळेबंद वाचायचे आणि दिलेला पैसा परत येईल का, ते सांगायचं. मामांनी मला बोलावलं ते त्यासाठीच. शनिवारी सकाळी सांगलीत उतरले.

चहा व्हायच्या आत माहितीपत्रक समोर आलं. जाड, गुळगुळीत कागद. पहिल्याच पानावर सर्वोच्च पॅकेज, त्याखाली सरासरी पॅकेज. मी पेन्सिल मागितली. "मामा, दहा पोरं धरा. नऊ जणांना चार-चार लाख मिळाले आणि एकाला चोवीस. सरासरी किती?" मामांनी तोंडी हिशेब केला, सहा लाख. "पण सहा लाख तर कुणालाच मिळाले नाहीत," मामी कणीक मळता मळता म्हणाली. अगदी बरोबर. पगाराच्या क्रमाने ओळीत उभ्या केलेल्या पोरांतल्या मधल्याला किती मिळाले, तो आकडा हवा. तो पत्रकात कुठेच नव्हता. वर्गात किती होते आणि त्यातल्या किती जणांना नोकरी लागली, हेही नव्हतं.

शिवाय नोकरी कसली? इथे माझा आवाज चढतो, कारण हे मी भोगलंय. बाबांनी पीएफमधून काढलेल्या पैशांवर मी एका खासगी कॉलेजात बीबीए केलं. कॅम्पसमधून लागलेल्या नोकरीच्या नावात फायनान्स होतं, काम मात्र घरोघरी फोन लावून विम्याच्या पॉलिसी विकायचं. महिन्याचं टार्गेट, आणि ते चुकलं की सगळ्यांसमोर बोलणी. दोन वर्षं काढली. विक्रीचं काम कमी दर्जाचं नाही, पण मी त्यासाठी शिकले नव्हते आणि प्रवेश घेताना मला तसं कुणी सांगितलंही नव्हतं. पुढे नोकरी करत सीएफएच्या, म्हणजे गुंतवणूक आणि वित्त विश्लेषणाच्या आंतरराष्ट्रीय पात्रतेच्या, परीक्षा दिल्या तेव्हा कुठे क्रेडिटमध्ये आले.

मामा दहा लाखांचं शैक्षणिक कर्ज काढायच्या विचारात होते. साडेदहा टक्के व्याज आणि सात वर्षं धरली तर महिन्याचा हप्ता साधारण १६,८६० रुपये बसतो, आणि शिक्षण चालू असताना चढणारं व्याज त्यात नाही. पहिला पगार हातात तीस-बत्तीस हजार आला, तर निम्म्याहून जास्त हप्त्यातच जाणार. असा माणूस हवी ती नोकरी थांबून शोधू शकत नाही, मिळेल ती धरतो. कर्जाचं मला सगळ्यात भय वाटतं ते याचं.

मग दुसरे रस्ते काढले. आयआयएम इंदूरचा आयपीएम, म्हणजे बारावीनंतरचा पाच वर्षांचा मॅनेजमेंटचा कोर्स, २०११ पासून आहे, पण त्याच्या प्रवेश परीक्षेची तयारी आधीपासून करावी लागते. ती वेळ गेली होती. आपल्याकडे २०२४ पासून बीबीए, बीएमएसला राज्याची सीईटी लागते. बीबीए-बीएमएस हे मॅनेजमेंटचे पदवी कोर्स एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या परिषदेच्या, कक्षेत आल्यावर मुंबईतल्या बऱ्याच कॉलेजांनी बीएमएसचं नाव बदलून बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज केलं. तेव्हा पालकांनो, नुसत्या नावावर जाऊ नका, विषयांची यादी मागून घ्या. बी.कॉम.च्या अकाउंटिंग अँड फायनान्समध्ये हिशेब, कॉस्टिंग, कर, ऑडिट भरपूर असतं. बीबीएत मार्केटिंग आणि माणसं सांभाळण्याचे विषय बरेच. फायनान्समध्ये ज्याला हिशेब लिहिता-वाचता येतो त्याची पुढे अडचण होत नाही, हे मी रोज बघते.

दुपारी जेवणं झाल्यावर मी कपाटावरचा साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल काढला. मामा सभासद आहेत, त्यामुळे सर्वसाधारण सभेआधी तो दरवर्षी घरी येतो आणि न उघडता कपाटावर जातो. पोरीला म्हटलं, वाच. ती अर्धा तास गप्प. मग म्हणाली, "ताई, नफा दाखवलाय. मग आपलं उसाचं बिल का थकलं?" कायद्याने ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायची असते, हे या घरातल्या पोराटोरांनाही ठाऊक. मी तिला ताळेबंदातला साखरेचा शिल्लक साठा दाखवला. मग समोरच्या बाजूला बँकेचं मालतारण कर्ज. पोती गोदामात, पोत्यांवर बँकेचा बोजा, आणि नफा फक्त कागदावर. तिने बोट ठेवून दोन्ही आकडे जुळवले आणि स्वतःच म्हणाली, "म्हणजे साखर विकून आधी बँक, मग आपण." मामा उठून जवळ येऊन बसले. वीस वर्षं अहवाल घरी येत होता, तो कुणीतरी पहिल्यांदाच त्यांना वाचून दाखवत होतं.

त्या अर्ध्या तासाने माझं मत पक्कं झालं. ही मुलगी फायनान्सची आहे, आणि तिला महागड्या इमारतीपेक्षा दोन गोष्टी हव्यात: चांगले अकाउंट्स शिकवणारे मास्तर आणि हातात मोकळा वेळ. मुंबईतल्या काही जुन्या कॉमर्स कॉलेजांत तास सकाळी लवकर उरकतात. उरलेल्या दिवसात सीएचा अभ्यास होतो, इंटर्नशिप होते. सीएची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, २०२३ च्या नव्या योजनेत तीनची दोन वर्षं झाली. सीएफएची पहिली पातळी तर आता पदवी पूर्ण व्हायच्या २३ महिने आधीपासून देता येते. शेअर बाजार, सेबी, रिझर्व्ह बँक, सगळं त्याच शहरात. आणि डोंबिवलीत मावशी आहे, म्हणजे राहण्याचा प्रश्न मिटला.

यादीत माटुंग्याचं पोदार आणि चर्चगेटचं सिडनहॅम वर ठेवलं. सिडनहॅम १९१३ चं, आणि बाबासाहेब आंबेडकर तिथे १९१८ पासून अर्थशास्त्र शिकवत होते, एवढं सांगितल्यावर मामांनी खासगी विद्यापीठाचं पत्रक स्वतःच बाजूला सारलं. या दोन्ही ठिकाणी तिचा नंबर लागला नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मध्य रेल्वेवरच्या एका अनुदानित कॉलेजात साध्या बी.कॉम.ला मिळाला. फी ऐकून मामांना आधी विश्वास बसेना, ते पुन्हा पुन्हा विचारत होते की ही महिन्याची की वर्षाची. कर्ज काढायची गरज पडली नाही.

गेल्या आठवड्यात रात्री तिचा फोन. ट्रायल बॅलन्स, म्हणजे जमा-नावे बेरजांचा तक्ता, जुळत नव्हता, नव्वद रुपयांचा फरक. मी म्हटलं, फरकाला नऊने भाग जातोय ना, मग कुठेतरी दोन आकडे उलटसुलट पडलेत का बघ. अकरा वाजून गेल्यावर वहीचा फोटो आला. १,४५० च्या जागी १,५४० लिहिलं होतं, त्याभोवती लाल पेनाने गोल, आणि खाली एकच शब्द: "सापडलं."