हॉल अकरा बाय सोळा, स्पीकर सहा

पुण्यात बाणेर-वाकडपासून धायरीपर्यंत टू बीएचकेचा हॉल बहुतेक एकाच साच्यातला असतो. साधारण ११ फूट रुंद, १६ फूट लांब. एका टोकाला बाल्कनीचं सरकतं काचेचं दार, दुसऱ्या टोकाला उघडं डायनिंग. टीव्ही लांब भिंतीवर आणि सोफा समोरच्या लांब भिंतीला अगदी चिकटून. या हॉलमध्ये ५.१ (समोर तीन स्पीकर, मागे दोन आणि फक्त बाससाठी एक सबवूफर) बसवायचं म्हटलं की चर्चा सुरू होते ती रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा ॲम्प्लिफायर) कुठला घ्यायचा, डेनॉन की यामाहा, किती वॉटचा, यावर. खरं तर सगळ्यात मोठा फरक फुकटात पडतो. सोफा दोन फूट पुढे ओढा.

कारण साधं आहे. पाठ भिंतीला टेकलेली असली की मागचे दोन स्पीकर मागे ठेवायला जागाच उरत नाही. ५.१ मध्ये हे मागचे (सराउंड) स्पीकर कानाच्या रेषेपासून थोडे मागे, म्हणजे समोरचा मध्य शून्य धरला तर ११० ते १२० अंशांवर हवेत. सोफा दोन फूट पुढे आला की डोकं भिंतीपासून सुमारे तीन फुटांवर येतं. स्पीकरचा खोका आणि ब्रॅकेट मिळून फूटभर पुढे आला, तर तो कानाच्या दोन फूट मागे राहतो. आता सोफ्याच्या मध्यापासून डावी-उजवीकडे पाच-पाच फुटांवर मागच्या भिंतीवर स्पीकर लावले, की कोन आपोआप ११२ अंशांच्या आसपास येतो. बाजूला भिंत नाही, एकीकडे काच आणि दुसरीकडे डायनिंग, ही अडचणही याने सुटते. उंची कानापेक्षा फूट-दीड फूट वर, तोंड सोफ्याकडे वळवलेलं. सोफा दोन फूट सरकवल्यावर मधलं सेंटर टेबल बहुधा जातं. जाऊ द्या.

दुसरा फायदा बासचा. ११ फुटांच्या रुंदीचा पहिला अनुनाद (ज्या सुराला खोली स्वतःच घुमते तो) ५१ हर्ट्झच्या आसपास पडतो, १६ फुटांच्या लांबीचा ३५ च्या. कमी फ्रिक्वेन्सीचा दाब भिंतीलगत सर्वांत जास्त असतो, म्हणून भिंतीला टेकून बसलं की प्रत्येक ढोल एकाच सुरात घुमतो. तीन फूट पुढे आलं की तो घुमारा बराच ओसरतो. बरोबर मधोमध मात्र बसू नका, तिथे तोच बास गायब होतो आणि रिसीव्हरचं कुठलंही करेक्शन ती पोकळी भरून काढू शकत नाही.

समोरचे दोन स्पीकर लोक टीव्ही युनिटच्या दोन कडांवर ठेवतात, कारण तिथे जागा असते. कान टीव्हीपासून सव्वासात फुटांवर असतील, तर २२ ते ३० अंशांच्या हिशोबाने या दोघांत सहा ते साडेआठ फुटांचं अंतर पाहिजे. म्हणजे युनिटच्या बाहेर, स्टँडवर, ट्वीटर (बारीक सुरांचा छोटा स्पीकर) बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीला. सेंटर स्पीकर टीव्हीखाली असेल तर पुढच्या बाजूने उचलून कानाकडे रोखा. दोन रबरी बूच पुरतात. शेल्फच्या आत ढकलून ठेवला तर आवाज पेटीतून आल्यासारखा येतो, म्हणून त्याचं तोंड शेल्फच्या कडेशी बरोबर आणा.

आणि व्हिट्रिफाइड टाइल्स. हॉलच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. मागून ‘झण्ण’ असा धातूचा शेपटा ऐकू आला, तर संवाद कळत नाहीत ही तक्रार पुढे येणारच. टीव्ही आणि सोफा यांच्यामध्ये जाड गालिचा आणि काचेच्या दाराला फरशीपर्यंत जड पडदा, एवढ्याने अर्धं काम होतं. पुस्तकांनी गच्च भरलेलं उघडं कपाटही चांगलं. शोकेसची काच वाईट.

वायर. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत, मीटरवर हवी तेवढी मिळते, पण विकत घेताना टोक ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरट निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची. तिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट, आणि पावसाळ्यात उघडी टोकं लवकर खराब होतात. पुढच्या तीन स्पीकरना प्रत्येकी तीन-चार मीटर लागते, मागच्या दोघांना स्कर्टिंगच्या कडेने फिरवून दहा-बारा. ८ ओहमच्या स्पीकरला बारा मीटरपर्यंत १६ गेज तांबं पुरतं. ४ ओहमचे असतील तर १४ गेज, म्हणजे आणखी जाड, घ्या. इलेक्ट्रिशियन दीड स्क्वेअर मिलिमीटरची साधी तांब्याची दोन पदरी फ्लेक्सिबल वायर सुचवेल. बिनधास्त घ्या, स्पीकरला तिचं काही वावडं नाही. हजारो रुपयांच्या ‘ऑडिओफाइल’ वायरीवरचे पैसे सबवूफरवर घाला.

घराचं काम चालू असेल तर कन्सिल (भिंतीत दडवलेला) पाइप टाकून घ्या, पण २३० व्होल्टच्या वायरींच्या पाइपमधून स्पीकर वायर नेऊ नका. धोकाही आहे आणि गुणगुणही येते. एचडीएमआय (चित्र आणि आवाज नेणारी केबल) पाइपमधून न्यायची असेल तर लक्षात ठेवा: तिचं डोकं सुमारे २० मिलिमीटर रुंद असतं, २५ मिलिमीटरच्या पाइपच्या एल्बोमध्ये ते हमखास अडकतं. मोठा पाइप, मोठी वळणं, आणि आत एक ओढदोरी कायमची सोडलेली.

वायरी भिंतीत गेल्यावर कुठली कुणाची हे विसरलं, तर पेन्सिल सेल घ्या. दीड व्होल्टच्या सेलला वायरीची दोन टोकं क्षणभर टेकवली की त्या स्पीकरमध्ये ‘टक’ होतं. वूफरचा पडदा बाहेर आला तर सेलच्या प्लसला लागलेलं टोक म्हणजे लाल. आत गेला तर उलटं. एखादाच स्पीकर उलटा जोडला गेला तर आवाज बंद पडत नाही, म्हणून चूक कळत नाही. फक्त बास पातळ होतो आणि गाणारा माणूस मधोमध न उभा राहता हॉलभर पसरतो.

टोकं सेंटिमीटरभर सोलून बनाना प्लगमध्ये (वायरीच्या टोकाला लावायच्या पिनमध्ये) घट्ट कसा. तांब्याचा एक केसाएवढा तंतू जरी बाहेर राहून शेजारच्या टर्मिनलला लागला, तर रिसीव्हर चालू होताच बंद पडतो आणि समोरचा दिवा लाल मिचकतो. लोक इथे घाबरून सर्व्हिस सेंटरला फोन करतात. आधी सगळ्या वायरी काढून नुसता रिसीव्हर चालू करून बघा. चालला, तर दोष वायरीत. एकेक जोडत गेलं की सापडतो.

सुताराला सांगायचं ते आधी सांगा. मधल्या दर्जाच्या रिसीव्हरची खोली तेरा ते पंधरा इंच, मागे वायरींना तीन-चार इंच, म्हणजे शेल्फ अठरा इंच खोल हवं. आपल्याकडे टीव्ही युनिट सर्रास पंधरा इंचांचं असतं आणि मग मागचा प्लाय कापावा लागतो. वर किमान पाच इंच मोकळं, समोर दार नको. रिसीव्हरच्या डोक्यावर सेट-टॉप बॉक्स ठेवणं म्हणजे एप्रिलच्या उन्हात दोघांनाही भाजणं. वळवाच्या विजा चमकायला लागल्या की प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढून ठेवा. सर्ज प्रोटेक्टर असला तरी.

आता एचडीएमआय, आणि इथेच निम्मे लोक हरतात. टीव्हीच्या पाठीला तीन-चार पोर्ट असतात, त्यातल्या एकावरच एआरसी किंवा (त्याची सुधारित आवृत्ती) ईएआरसी लिहिलेलं असतं. तिथून निघालेली केबल रिसीव्हरच्या इनपुटला जोडायची नाही. ती ‘आउट’ला जाते, ज्याच्याखालीही एआरसी लिहिलेलं असतं. टीव्हीतल्या ॲपचा आवाज त्याच केबलने उलटा रिसीव्हरकडे येतो. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय सीईसी (जोडलेल्या यंत्रांनी एकमेकांना चालवायची सोय) चालू करा. सॅमसंगमध्ये त्याला ॲनीनेट प्लस म्हणतात, एलजीत सिमलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. त्यानंतरची ओळ सगळ्यात महत्त्वाची: डिजिटल ऑडिओ आउटपुट. ते पीसीएमवर (उलगडलेल्या साध्या डिजिटल आवाजावर) असेल तर साध्या एआरसीवरून फक्त दोन चॅनेल जातात. रिसीव्हर तेच दोन चॅनेल पाचही स्पीकरवर वाटून देतो, घरचे खूश होतात, आणि खरा सराउंड कधीच वाजत नाही. ‘ऑटो’ किंवा ‘पास-थ्रू’ निवडा. रिमोटवरचं इन्फो बटण दाबल्यावर रिसीव्हरच्या पट्टीवर डॉल्बी डिजिटल प्लस किंवा ॲटमॉस (डॉल्बीचे सराउंडचे प्रकार) दिसायला हवं. मल्टिचॅनेल स्टिरिओ दिसलं की समजा, कुठेतरी पाणी मुरतंय.

ॲपमधला ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये गुंडाळून येतो, त्याला साधं एआरसी चालतं. ब्लू-रेवरचा ट्रूएचडी (डॉल्बीचा दर्जा न घटवणारा आवाज) टीव्हीमार्गे न्यायचा असेल तर ईएआरसी लागतं. नेटफ्लिक्सवर ॲटमॉस प्रीमियम प्लॅनमध्येच मिळतो, त्यामुळे सेटिंग उलटीपालटी करण्याआधी प्लॅन बघा. मराठी वाहिन्या तर बहुतेक स्टिरिओतच येतात, तिथे रिसीव्हरचा काही दोष नाही.

रिसीव्हरसोबत आलेला छोटा माइक ड्रॉवरमध्ये पडून राहू देऊ नका. डेनॉन-मरांट्झमध्ये ऑडिसी, यामाहात वायपाओ, तत्त्व एकच: प्रत्येक स्पीकरमधून ‘व्हुप्प’ असे आवाज सोडून तो अंतर, पातळी आणि खोलीचे दोष मोजतो. माइक ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीला. हातात धरू नका, सोफ्याच्या पाठीवर ठेवू नका. पहिलं माप मुख्य जागेचंच घ्या, कारण अंतर आणि पातळी त्यावरून ठरते. ऑडिसीत पुढची पाच-सात मापं दोन फुटांच्या परिघात, भिंतीपासून फूटभर लांब. पंखा, एसी बंद. हे आवाज बरेच मोठे असतात, त्यामुळे वेळ जपून निवडा. दुपारी एक ते चार पुण्यात काय करायचं नसतं हे वेगळं सांगायला नको.

माप झालं की निकाल डोळे झाकून मान्य करू नका. टॉवर स्पीकर दिसले की रिसीव्हर त्यांना ‘लार्ज’ ठरवतो. सगळे ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा बास सबकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झ ठेवा. छोट्या सॅटेलाइट स्पीकरना १०० ते १२०. सबवूफरचं अंतर प्रत्यक्ष फुटपट्टीपेक्षा जास्त दाखवेल. ते चूक नाही, सबच्या आतल्या सर्किटला लागणारा उशीर त्यात धरलेला असतो, तसंच राहू द्या. मात्र सबची पातळी उणे १२ दाखवत असेल, तर सबच्या मागची गेनची (आवाजाच्या पातळीची) कळ फार चढवलेली आहे. उतरवा आणि माप पुन्हा घ्या. सबवरची क्रॉसओव्हरची कळ सगळ्यात वरच्या आकड्यापर्यंत फिरवलेली हवी, नाहीतर रिसीव्हर आणि सब दोघेही एकच काम करत बसतात. संवाद कमी वाटले तर सेंटर दोन ते तीन डेसिबल वाढवा, पूर्ण व्हॉल्यूम नव्हे.

सबची जागा शोधायची युक्ती जुनी आहे. सब सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा, एकसारखा बास असलेलं गाणं लावा आणि गुडघ्यांवर रांगत भिंतीकडेने फिरा. बास जिथे भरीव पण घुमत नाही असा ऐकू येतो, तिथे सब. घरचे हसतील. आपल्या हॉलमध्ये ही जागा बहुतेकदा टीव्हीच्या भिंतीवर, कोपऱ्यापासून दोन-तीन फूट अलीकडे सापडते. खाली जाड रबर-फोमचा पॅड द्या. खालच्या मजल्याच्या सीलिंगमध्ये जाणारी थरथर त्याने कमी होते, हवेतून जाणारा बास मात्र पॅड अडवत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपची त्याहून कमी. रात्री सब पाच-सहा डेसिबल खाली आणा आणि नाइट मोड किंवा डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन लावा. स्फोट दबतात, कुजबुज वर येते.

स्पीकरमधून सतत ‘हूं’ येत असेल तर डिश किंवा केबल टीव्हीची गोल वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा. आवाज थांबला, तर अर्थिंगचं वेटोळं (दोन ठिकाणी अर्थ लागल्याने बनणारं) तिथूनच बनतंय. केबल टीव्हीची वायर असेल तर तिच्यावर आयसोलेटर (अर्थिंगची जोडणी तोडणारा छोटा जोड) बसवा. भिंतीतल्या तिसऱ्या पिनचं अर्थिंग तोडायचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाला चहा पाजून परत पाठवा. लाइट गेल्यावरच गुणगुण येते म्हणजे इन्व्हर्टर चौकोनी लाटेचा आहे. शुद्ध साइन वेव्हचा घ्या, नाहीतर रिसीव्हर इन्व्हर्टरच्या लाइनवरून काढून घ्या.

ओठ आधी हलतात आणि आवाज नंतर येतो, तर टीव्हीच्या ऑडिओ डिलेचा आकडा शून्यावर आणा. तिथे आधीच शून्य असेल तर चित्र गेम मोडवर न ठेवता साध्या मोडवर न्या. उलटं, आवाज आधी येत असेल तर रिसीव्हरमधलं लिप-सिंक २० मिलिसेकंदांच्या पायऱ्यांनी वाढवत जा. त्यासाठी गाणं नको. बातम्या देणाऱ्या निवेदकाचे ‘प’ आणि ‘ब’ बघा, ओठ मिटलेले नेमके तिथेच दिसतात.