राजमाचीला तंबूशिवाय मुक्काम

जानेवारीत कर्जतजवळच्या राजमाची किल्ल्यावर मुक्कामी जायचं ठरलं तेव्हाच मी मित्राला सांगितलेलं, यावेळी तंबू न्यायचाच नाही. दुकानात मिळतो तो दोन माणसांचा स्वस्तातला तंबू अडीच-तीन किलो भरतो, वर मॅट, स्लीपिंग बॅग, पाणी, मग कोंडाणे लेण्यांच्या पुढे जो खडा चढ लागतो त्यावर सगळं लक्ष पाठीकडेच जातं आणि डोंगर बघायचा राहूनच जातो. डायनीमा नावाच्या अगदी हलक्या, मजबूत कापडाचे परदेशी तंबू किलोच्याही आत येतात हे खरंय, पण ते मागवायचे म्हणजे पन्नास हजाराच्या वर गेलाच आकडा. एवढ्या पैशात कॉलेजची पोरं कितीतरी वर्षं ट्रेक करतील की!

म्हणून सगळं सामान मुंबईतच जमवलं. तंबूऐवजी डोक्यावर बांधायला लोहार चाळीत ताडपत्री घेतली. तिथे गेलात की आधी जीएसएम विचारा, म्हणजे एक चौरस मीटर कापड किती ग्रॅमचं. 10 बाय 8 फुटी ताडपत्री साधारण 7.4 चौरस मीटर होते, ती 90 जीएसएमची असेल तर 670 ग्रॅम, आणि तीच 200 जीएसएमची घेतली की दीड किलो. जाड ती मजबूत म्हणून लोक जाडच उचलतात, पण आपल्याला एका रात्रीचं दव आणि वारा अडवायचाय, पावसाळाभर छप्पर झाकायचं नाहीये. पुढेमागे पैसे साठले तर सिलिकॉन कोटिंगचं रिपस्टॉप, म्हणजे फाटलं तरी चीर पुढे न पळणारं कापड घ्या, 50 जीएसएमच्या आसपासचं, त्याच मापाचं पावणेचारशे ग्रॅममध्ये बसतं. त्यातही नायलॉन ओलं झालं की सैल पडतं आणि रात्री उठून दोऱ्या ताणाव्या लागतात, पॉलिस्टर तेवढं सैलावत नाही. दोरीसाठी हार्डवेअरवाल्याकडची गवंड्यांची नायलॉनची लाईनदोरी, अगदी थोड्या पैशात मिळते. अंगाखाली पॅकिंगवाल्याकडचा 10 एमएमचा फोम. तो नाही वगळायचा हां, थंडी वरून लागते त्यापेक्षा जमिनीतून जास्त चढते.

1955 साली एमा गेटवूड नावाच्या 67 वर्षांच्या आजी अमेरिकेतली अपालाचियन ट्रेल एकट्या चालल्या, तीन हजार किलोमीटरच्या वर. तंबू नव्हताच, पावसापासून आडोशाला बाथरूमचा प्लॅस्टिकचा पडदा आणि खांद्यावर घरी शिवलेली पिशवी. मला हे वाचल्यापासून महागड्या सामानाची भीतीच गेली.

सकाळची कर्जत लोकल, तिथून टमटमने कोंदिवडे, मग चालत लेणी. लेण्यांत जरा टेकलो आणि वर निघालो. दुपार कलताना उधेवाडीत, म्हणजे राजमाचीवरच्या गावात. ताडपत्रीला खांब म्हणून लावायला ट्रेकिंग पोल आमच्याकडे नव्हते, जेवण सांगितलं त्या घरच्या काकांनी दोन बांबू दिले, आणि जागा बघून म्हणाले, "पोरांनो, पहाटे घाटमाथ्याकडनं वारं सुटतंय, तिकडं तोंड नका करू. आन् खाली खोलगटात झोपू नका, गारठा तिथंच बसतो." अगदी बरोबर, थंड हवा जड असते, ती खळग्यात साचते आणि दवही तिथेच जास्त पडतं. आम्ही थोड्या उंचवट्यावर झाडाखाली बांधलं, झाडाखाली दव कमी लागतं.

माचीवर माती जेमतेम बोटभर, खाली कातळ, खुंट्या आत जातच नाहीत. त्यावर उपाय, दोरीच्या टोकाला काटकी बांधायची आणि तिच्यापुढे दोरीवर मोठा धोंडा ठेवायचा, काटकी धोंड्याला अडते आणि दोरी कितीही ताणली तरी सुटत नाही. वाऱ्याकडची बाजू पार जमिनीला टेकवली, दुसरी उचलून मोकळी ठेवली. मोकळी ठेवायलाच हवी, कारण झोपेत आपल्या श्वासातून पाण्याची वाफ निघत असते आणि सगळं बंद केलं की तीच वाफ प्लॅस्टिकला आतून पाणी होऊन लागते, मग स्लीपिंग बॅग ओली.

रात्री पिठलं-भाकरी खाऊन आडवे झालो. उचललेल्या बाजूने थेट राजमाचीचा श्रीवर्धन बालेकिल्ला दिसत होता, बंद तंबूत हे कुठलं दिसायला! पहाटे वारा आला, ताडपत्री फडफडली पण एक दोरी हलली नाही. सकाळी ताडपत्री वरून चिंब आणि आत आम्ही कोरडे, इतका आनंद झाला की चहाआधीच श्रीवर्धनवर जाऊन आलो.

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र हे करू नका, तिथला पाऊस आडवा येतो, तेव्हा सरळ गावात कुणाच्या घरी ओसरीवर झोपायचं. मे महिन्यात काजवे बघायला जाणार असाल तर आत टांगायला सिंगल मच्छरदाणी घ्या, आणि बारा महिने सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालू नका, विंचू असतात.

माझा मित्र सहा फुटाच्या वर आहे, त्याचे पाय काठापर्यंत येत होते, त्यामुळे उंच माणसांनी 10 बाय 10 घ्यावी, 840 ग्रॅम होते, तेवढं चालतं. तो येत्या शनिवारी लोहार चाळीत जातोय, कुणाला हवी असेल तर सांगा, एकदमच आणेल.