रात्रभराची मुंबई, तीन तासांची दुबई

दुबई लांब की मुंबई, हा प्रश्न आमच्या सोलापूरच्या घरात धाकटी बहीण दुबईला नोकरीला गेल्यापासून दर खेपेला निघतो, आणि आईचे उत्तर ठरलेले असते, 'मुंबईच लांब.' नकाशा काढला तर ती चुकते. सोलापूर ते मुंबई लोहमार्गाने 455 किलोमीटर, तर मुंबई ते दुबई हवाई अंतर सुमारे 1,900 किलोमीटर. परंतु रात्री साडेदहाच्या सुमारास सुटणाऱ्या सिद्धेश्वर एक्सप्रेसला मुंबई गाठायला उजाडते आणि मुंबईहून उडालेले विमान तीन-सव्वातीन तासांत अरबी समुद्र ओलांडून दुबईला उतरते, हे पाहिले की आईशी वाद घालावासा वाटत नाही.

घड्याळ तर तिच्याच बाजूने खोटी साक्ष देते. दुपारी साडेचारला मुंबई सोडलेली बहीण तिथल्या घड्याळात सहा वाजून दहा मिनिटांनी उतरते, म्हणजे प्रवास जणू एक तास चाळीस मिनिटांचाच झाला. येताना मात्र रात्री दहाला निघून इथल्या दोन-वीसला पोहोचते. भारताची वेळ 82.5 अंश पूर्व रेखांशावरून ठरते, दुबईची 60 अंशावरून, आणि अंशाला चार मिनिटे या हिशेबाने हे दीड तास होतात. खुद्द सोलापूर 76 अंशाच्या जवळ आणि दुबई शहर प्रत्यक्षात 55 अंशाच्या थोडे पुढे असल्याने सूर्याच्या दृष्टीने आम्ही दुबईपासून ऐंशी-ब्याऐंशी मिनिटांवरच आहोत. वरची मिनिटे सरकारी म्हणायची. येताना प्रत्यक्ष उड्डाणही बहुधा थोडे लवकर संपते, कारण दहा-बारा किलोमीटर उंचीवरचे पश्चिमेचे वारे, विशेषतः हिवाळ्यात, विमानाला मागून रेटतात.

या तीन तासांच्या प्रवासासाठी आईची तयारी मात्र तीन दिवसांची असते. कडक भाकऱ्यांची चळत ती जुन्या सुती पातळाच्या तुकड्यात बांधते, कोपरे मोडू नयेत म्हणून बॅगेत मधोमध ठेवते, आणि उखळात कुटलेल्या शेंगाचटणीचे तेल झिरपू नये म्हणून डब्यावर दोन पिशव्या चढवते. मग वजनकाट्यावर बॅग ठेवायची, एक साडी बाहेर काढायची आणि त्या जागी आणखी चार भाकऱ्या घालायच्या. (साडी तिकडेही मिळते, हा तिचा युक्तिवाद बिनतोड आहे.)

मागच्या खेपेला बाबा बहिणीला सोडायला मुंबईला गेले होते. विमानतळावर तीन तास आधी पोहोचण्याची सूचना असल्याने ती दीडच्या आधीच आत गेली, आणि बाबा रात्रीच्या परतीच्या गाडीसाठी स्टेशनवर येऊन बसले. त्यांची गाडी फलाटाला लागण्यापूर्वीच तिचा आईला फोन आला, भाकऱ्या शाबूत आहेत आणि दोन खाऊनही झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा रिक्षातून उतरले, तेव्हा दारातच आई म्हणाली, 'ती आज कामावरसुद्धा गेली. तुम्ही आता येताय.'