सिअर्सचा फुकट टीव्ही आणि सोबत बाबा

आईबाबा तीन महिन्यांसाठी आले होते, तर नायगारा झाला, वॉशिंग्टन झालं, न्यूयॉर्कला टाइम्स स्क्वेअरमध्ये बाबांनी "एवढं लाइट बिल कोण भरतं?" विचारून झालं, त्याबद्दल मी काही लिहिणार नाहीये कारण त्यावर सगळ्यांनीच लिहिलंय. लिहायचंय ते आयोवा राज्यातल्या एका तळघराबद्दल.

मला जुन्या कलर टीव्हीचा नाद आहे हे घरात सगळ्यांना माहितीये आणि कोणालाच आवडत नाही. त्यातही मी गोळा करतो ते दुकानाच्या शिक्क्याचे टीव्ही. म्हणजे आरसीए, झेनिथ वगैरे टीव्ही कंपन्यांचे नाही. इथे साठच्या दशकात मोठमोठी दुकानं स्वतःचं नाव लावून टीव्ही विकायची, बनवून घ्यायची दुसऱ्याकडून. सिअर्सचा सिल्व्हरटोन, माँटगोमेरी वॉर्डचा एअरलाइन, जेसी पेनीचा पेनक्रेस्ट, वेस्टर्न ऑटोचा ट्रूटोन, गॅम्बल्सचा कोरोनाडो. हे टीव्ही साध्या माणसांनी हप्त्यावर घेतले, वापरून वापरून संपवले आणि कचऱ्यात टाकले. आरसीएचा 1954 चा सीटी-100 म्हटलं की कलेक्टर लोक धावत सुटतात, तो हजार डॉलरला विकला जायचा म्हणे, पंधरा इंची स्क्रीन. सिल्व्हरटोन म्हटलं की तेच लोक विचारतात, का बरं? आता का ते मलाही नीट सांगता येत नाही. स्वस्त मिळतात हे एक खरं कारण आहे.

तर जाहिरात अशी होती: जुना कलर टीव्ही, लाकडी, फुकट, स्वतः उचलून न्या. फोटो एकच आणि तोही अंधारात काढलेला, पण स्क्रीन गोल दिसत होती. गोल म्हणजे 21 इंची जुनी पिक्चर ट्यूब, म्हणजे साठच्या दशकाच्या मध्याच्या आतबाहेरचा. मी रात्री अकराला मेसेज टाकला, सकाळी उत्तर आलं, शनिवारी या.

आई म्हणाली मी येणार नाही. बायको म्हणाली गॅरेजमध्ये आता गाडी कुठे लावायची ते आधी सांग. बाबा चप्पल घालून दारात उभे होते.

बाबांचं सांगायला हवं. सत्तरच्या दशकात ते पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीजवळ एका दुकानात टीव्ही जोडायचे, नंतर सांगलीत स्वतःचं रिपेअरिंगचं दुकान टाकलं. ते मालक किट आणायचे, कॅबिनेट सुताराकडून, आणि वर नावाची पट्टी चिकटवायची मालकाच्या मुलीच्या नावाची. गिऱ्हाईकाला वाटायचं कंपनीचा टीव्ही आहे. म्हणजे मी इथे अडीचशे मैल गाडी चालवून जो प्रकार शोधत फिरतो तो बाबांनी पगारावर केलेला आहे, फक्त ते त्याला कलेक्शन म्हणत नाहीत, ते त्याला "मालकाची हुशारी" म्हणतात.

आम्ही राहतो त्या शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून आय-88 हायवे पकडला. मका, मका, मग थोडं सोयाबीन, मग परत मका. बाबा म्हणाले इथे बांध कुठेयत? मग टोल, मग परत टोल, मी चिडलो, बाबा म्हणाले तुझ्या टीव्हीचीच किंमत आहे ती. ले क्लेअरला मिसिसिपी ओलांडली तेव्हा त्यांनी खिडकीची काच खाली केली आणि नदी संपेपर्यंत गप्प बसले आणि मग म्हणाले, "पुरात आपली कृष्णा पण एवढी होते." होत नाही. मी काही बोललो नाही. वॉलकॉटच्या त्या जगातल्या सगळ्यात मोठ्या ट्रक स्टॉपवर चहा म्हणून जे मिळालं त्यावर बाबांनी पुढचे चाळीस मैल भाषण केलं.

ग्रिनेलच्या अलीकडे आत वळलो. पांढरं घर, मागे सायलो, दारात ऐंशीच्या पुढच्या एक आजी. घर विकायचंय, मुलगा टेक्सासला, त्यामुळे तळघर रिकामं करणं चाललंय. पहिला अर्धा तास त्यांनी आम्हाला टीव्ही दाखवलाच नाही. आधी टेबलाशी बसवलं, रुबार्ब पाय म्हणून भाजलेला गोड पदार्थ दिला, हॅमचं सँडविच दिलं, बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी सांगितलं की ते मांस खात नाहीत, तर आजींनी शांतपणे हॅम काढून घेतलं आणि तोच ब्रेड परत पुढे ठेवला. बाबांनी तो खाल्ला! सांगलीत असं कोणी केलं असतं तर वर्षभर अबोला. रुबार्ब म्हणजे काय ते विचारून आंबट आवळ्याच्या मोरावळ्यासारखं लागतं असा निर्णय दिला आणि दुसरा तुकडा मागून घेतला. पाहुणचाराच्या बाबतीत मी आजवर मोटेलवाल्यांना जे पैसे दिलेत ते सगळे वाया गेलेत असं मला तिथे वाटलं.

मग तळघर.

जिना अरुंद, मध्ये वळण, खाली एक बल्ब. कोपऱ्यात चादरीखाली टीव्ही. मी चादर काढली आणि खरं सांगतो, पहिल्यांदा दिसलं ते सिल्व्हरटोन हे अक्षर नाही तर स्क्रीनच्या कडेने आलेले पिवळट पांढरे फुगे, बुरशी आल्यासारखे. ह्याला इथले कलेक्टर लोक कॅटरॅक्टच म्हणतात. त्या काळच्या ट्यूबला पुढे सुरक्षेची दुसरी काच चिकटवलेली असायची, तो चिकटवणारा थर वर्षानुवर्षात खराब होतो आणि असे फुगे येतात. ट्यूब गरम पाण्याने वगैरे तापवून, तार घालून ती काच सोडवायची, थर खरवडायचा, परत बसवायची. करताना ट्यूब फुटली तर गेली, दुसरी कुठून आणणार. तिथून तासाभरावर दे मॉइनला हॉक-आय म्हणून पिक्चर ट्यूब परत बनवून देणारं वर्कशॉप होतं, अमेरिकेतलं शेवटचं, ते 2010 ला बंद झालं.

बाबांना मी सांगितलं ह्याला मोतीबिंदू झालाय. त्यांचं स्वतःचं ऑपरेशन मागच्याच वर्षी मिरजेला झालं. म्हणाले, "माझं पंधरा मिनिटांत झालं. तुझं किती दिवस चालणार?"

मागचं कव्हर काढायच्या आधी मी स्टिकरवर टॉर्च मारला. मॉडेल नंबरची सुरुवात 528 ने. सिअर्सच्या वस्तूंचं हे मला फार आवडतं, वॉशिंग मशीन असो की ड्रिल, टिंबाच्या आधीचे आकडे सांगतात की माल खरा कोणी बनवलाय. 528 म्हणजे वॉरविक नावाची कंपनी. वॉरविकचा कारखाना आर्कान्सामध्ये फॉरेस्ट सिटीला होता, सत्तरच्या दशकात तो सान्योने घेतला. हे मी बाबांना अगदी रंगात येऊन सांगत होतो आणि ते म्हणाले, "म्हणजे नंबर छापायचे? आमचे मालक तेवढंही करू देत नव्हते."

आजी जिन्याच्या वरून विचारत होत्या, लावून बघा ना, खाली आणला तेव्हा चालत होता. हे वाक्य मी आजवर प्रत्येक घरात ऐकलंय. चालत होता तर खाली कशाला आणला? मी काही बोलायच्या आत बाबांनी वर बघून हात हलवला, नो नो मॅडम, आणि मला मराठीत म्हणाले, "सांग त्यांना, चाळीस वर्षं पडलेल्या सेटला डायरेक्ट करंट दिला तर कंडेन्सर फुटून धूर होईल." मी भाषांतर केलं. आजी म्हणाल्या तुझे वडील इंजिनीअर आहेत का? बाबांना हे बरोबर समजलं. त्यानंतर दिवसभर त्यांची मान जरा ताठ होती.

आणि मग कव्हर उघडल्यावर बाबा एकदम गप्प झाले. मी इतकी वर्षं त्यांना ओळखतो, उघड्या सेटसमोर ते गप्प बसत नाहीत. झालं असं की आपल्याकडे कलर आला तो 1982 ला, एशियाडच्या वर्षी, तोपर्यंत व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या त्या काचेच्या नळ्या, संपत आलेले, पिक्चर ट्यूबमधल्या तीन रंगांसाठी इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या तिन्ही गन एका ओळीत बसवलेल्या. बाबांनी व्हॉल्व्हचे सेट ढिगाने केले पण ब्लॅक अँड व्हाइट, आणि कलर ढिगाने केले पण ट्रान्झिस्टर-आयसीवाले. व्हॉल्व्हवरचा कलर त्यांनी फक्त पुस्तकातल्या आकृतीत बघितलेला. गन त्रिकोणात बसवलेल्या, ट्यूबच्या मानेवर कन्व्हर्जन्सची ती अवजड जुडी, आणि तीन रंग एकमेकांवर बसवण्यासाठी एका बोर्डवर डझनभर नॉब. त्यांनी एकेक नॉबला हात न लावता नुसतं बोट फिरवलं. "हे सगळं मेकॅनिक घरी येऊन लावायचा? गिऱ्हाईक चहा देईपर्यंत?" मी म्हटलं हो. "आणि टीव्ही सरकवला की परत बिघडणार?" हो. "मग ह्यांचा धंदा बरा होता."

मी ट्यूब टेस्टर लावला. हिरवी गन चांगली, निळी चांगली, लाल मंद. मला अपेक्षितच होतं, त्या काळच्या ट्यूबमधला लाल फॉस्फर, म्हणजे स्क्रीनच्या आतला चमकणारा लेप, कमी उजेड द्यायचा म्हणून लाल गनवर सगळ्यात जास्त ताण, तीच आधी थकते. मी हे सांगत होतो पण बाबांचं लक्षच नव्हतं, ते मागच्या कव्हरची आतली बाजू बल्बखाली धरून वाचत होते.

तिथे पेन्सिलीने तारखा होत्या. मेकॅनिकच्या. मे 67, ऑगस्ट 68, जून 69, डिसेंबर 70, आणि चारही ठिकाणी पुढे एकच व्हॉल्व्ह लिहिलेली, हॉरिझॉन्टल आउटपुटची, चित्राच्या आडव्या रेषा ओढणारी, म्हणजे बाबांच्या भाषेत लाइन आउटपुट.

मला वाटलं आता ते हळवे होणार. मी मोबाइलसुद्धा काढला होता फोटोसाठी. तर ते भडकलेच.

"हा माणूस मेकॅनिक होता का हमाल? दर वर्षी लाइनची व्हॉल्व्ह जातेय, दर वर्षी नवीन घालतोय, पैसे घेतोय, तारीख लिहितोय वर! अरे का जाते ते बघशील की नाही?" आवाज एवढा चढला की आजी वरून म्हणाल्या एव्हरीथिंग ओके? मी म्हटलं बाबा, साठ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, तो माणूस गेलाही असेल. "गेला असेल तर गेला. ग्रिडवरचा, म्हणजे व्हॉल्व्हला सिग्नल जातो तिथला, कपॅसिटर गळत असणार, नको तो करंट आत सोडत असणार. आपल्याकडे पीएल504 ही लाइनची व्हॉल्व्ह अशीच तापून लाल व्हायची, मी पहिलं तेच बघायचो." मग थोडं थांबून, जरा खालच्या आवाजात, "एकदा मीपण नुसती व्हॉल्व्ह बदलून दिलेली. गणपतीची गर्दी होती. ते गिऱ्हाईक पंधरा दिवसांत परत आलं, मालकाने सगळ्यांसमोर झापलं." हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. आणि लगेच परत त्या अमेरिकन माणसाला शिव्या.

आता उचलायचा प्रकार. कन्सोल टीव्ही दोनशे पौंडांच्या आसपास, आम्ही दोघं, त्यातले एक बहात्तर वर्षांचे. जाहिरातीत स्वतः उचलून न्या लिहिलेलं तेव्हा मी हो हो म्हटलं होतं, ही माझी नेहमीची चूक. चासिस, म्हणजे सगळे पार्ट बसवलेला पत्र्याचा सांगाडा, वेगळी काढून वर नेली. पिक्चर ट्यूब कॅबिनेटमध्येच ठेवली कारण तळघरात ती हातात धरायची माझी छाती झाली नाही. आजींनी शेजारी फोन केला आणि वीस मिनिटांत ट्रॅक्टरवर बसून दोन पोरं आली, पट्टेवाली ढकलगाडी घेऊन, काही न विचारता कॅबिनेट पट्ट्याने बांधलं आणि वळणावर बाबा वरून "लेफ्ट! लेफ्ट! हां, स्लो!" असं ट्रॅफिक पोलिसासारखं करत होते. पोरांनी पैसे घेतले नाहीत. वर मिनीव्हॅनमध्ये तो मावला, म्हणजे माझ्या मापाप्रमाणे मावायला नको होता पण बाबांनी सीटचं हेडरेस्ट काढलं.

निघताना आजी म्हणाल्या नवऱ्याने हप्ते लवकर फेडले होते, दुकानातल्या माणसाने पत्र पाठवलेलं. पत्र मात्र सापडलं नाही, आम्ही दोन खण शोधले.

परतीचा प्रवास अंधारात झाला, बाबा झोपले, टोल परत भरला.

ते गेले सांगलीला सप्टेंबरमध्ये. टीव्ही गॅरेजमध्ये आहे, बायकोची गाडी बाहेर. मोतीबिंदू तसाच आहे, गरम पाण्याचा टब भरायचा धीर मला अजून झालेला नाही, आणि अॅनालॉग प्रसारण 2009 लाच बंद झाल्यामुळे चॅनेल तीनवर चित्र द्यायला मॉड्युलेटर लागतो तो आणून ठेवलाय नुसता. पण मागच्या रविवारी चासिस उलटी केली आणि तो ग्रिडवरचा कपॅसिटर एक पाय सोडवून मोजला. गळत होता. चांगलाच. बाबांना फोटो पाठवला, मीटरच्या काट्यासकट.

सांगलीत पहाटेचे साडेपाच असतील. लगेच उत्तर आलं: "त्या मेकॅनिकचं गाव कुठलं होतं?"